कारणाचा रकाना

"दहा चाळीस. लघवी. दहा त्रेपन्न, परत."

तात्या मोठ्यानं वाचत होते. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण. तात्या म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. त्यांच्या हातात शाळेचं हालचाल रजिस्टर होतं. शाळेच्या वेळात कुणी बाहेर गेलं तर त्यात लिहायचं असतं. नाव, जाण्याची वेळ, कारण, येण्याची वेळ, सही. जूनपासून त्यात एकच नाव होतं. माझं.

"अकरा पस्तीस. लघवी. बारा दहा. लघवी." पान उलटायला त्यांनी बोट जिभेला लावलं. "एक पाच. लघवी. मंग धा मिंटं सुट्टीची. सुट्टीत गेलीस का न्हाईस?"

"गेले."

"मंग ते ल्ह्यायचं न्हाय व्हय?" चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पोटात बोअर पाडलाय का गं? आमच्या रानात साडेसहाशे फूट गेलो, फुफाटा निघाला. तुला बरं लागलं पाणी."

सगळे हसले. गणिताचे सर हसता हसता खोकले. मुख्याध्यापक बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

मी पण हसले.

हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालंय. खाली कळ दाबून धरली होती, आणि मी दात दाखवून हसले. मी. जी कॉलेजात असताना धाराशिवच्या चौकात उभी राहून पत्रकं वाटायची. 'मूलभूत सुविधांपासून वंचित भगिनींनो' असं मीच लिहायची. झेरॉक्सवाला एक प्रत स्वतःला ठेवून घ्यायचा, म्हणायचा, ताई, लई जाळ लिहिता. तो जाळ त्या दिवशी कुठं गेला होता, मला माहीत नाही. 'मूलभूत सुविधा' हा शब्द फार सोपा आहे. त्यात कुणाचं पोट दुखत नाही.

दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं. लघवीला जळजळ. आई म्हणाली, उन्हाळी लागली. आमच्याकडं ऐन थंडीत झालं तरी त्याला उन्हाळीच म्हणतात. आईनं धने-जिरं भिजत घातलं, सब्जा पाजला. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं, नवव्या दिवशी परत तेच. असं तीनदा झालं. मग तालुक्याला, लोहाऱ्याला लघवी तपासली. रिपोर्टमध्ये जंतू नाहीत.

"मग जळतंय कशानं?" मी लॅबवाल्याला विचारलं.

"ते डॉक्टरला इचारा ताई. मी नुसतं बघतो."

डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेता का? लग्न झालंय का? नाही ना. लग्न झालं की जातं असलं."

होळीच्या सुमारास लघवीत रक्त दिसलं. मला वाटलं, पाळी. पाळीची तारीख नव्हती. तेव्हापासून मी एकच गोष्ट शोधतेय. ह्या रोगाचं नाव. बरं करा असंही मी आता म्हणत नाही. नाव सांगा.

कसं होतं ते सांगते, कारण कुणी सांगत नाही. ओटीपोटात कुणी मूठ आवळून बसल्यासारखं होतं. जाऊन यावं, चार थेंब, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की परत तसंच. फळ्यावर लिहिताना अर्धं डोकं वाक्यात आणि अर्धं खाली. लोहाऱ्याहून धाराशिवला एसटीनं जायचं म्हणजे कुठल्या फाट्यावर आडोसा आहे आणि कुठं नुसतं उघडं माळरान, हे मला पाठ झालंय. दिवसातून एकवीस वेळा. कधी जास्त.

धाराशिवला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. लघवीच्या रोगांचे मोठे डॉक्टर तिथं सोलापूरहून येतात, महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी. पहिल्यांदा गेले तेव्हा माझा नंबर एकेचाळीस होता. डॉक्टर तिसाव्याला उठले, त्यांना गाडी गाठायची होती. दुसऱ्या महिन्यात ते आलेच नाहीत. तिथल्या लहान डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. माझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, आत दुर्बीण घालून बघावं लागेल, त्याशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही. रक्त येतंय म्हणजे टाळू नका. आणि ती तपासणी फक्त तेच करतात.

शाळेत बायकांसाठी दोन जागा आहेत. एक मुख्याध्यापक बाईंच्या केबिनला लागून, तिला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाई म्हणजे तात्यांच्या सूनबाई. दुसरी मुलींची. तिची कडी तुटलेली आहे आणि नळाला पाणी येत नाही. मुली जोडीनं जातात, एक आत बसते, दुसरी बाहेरून दार धरते. मीही तिकडंच जायची. पुरुष मास्तर शाळेमागच्या भिंतीला उभे राहतात आणि येता येता टपरीवर चहा पितात. त्यांची हालचाल रजिस्टरला लागत नाही.

जूनमध्ये बाईंनी बोलावलं. "तास सोडून सारखं बाहेर जाता तुम्ही. रजिस्टरला नोंद करत जा. नियम सगळ्यांना सारखा आहे."

मी कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. रजिस्टर परत आलं. 'स्पष्ट लिहावे', लाल पेनानं. मी 'लघुशंका' लिहिलं. ते चाललं. पण घाईत ती चार अक्षरंही जड जायची, म्हणून पुढं 'लघवी' लिहायला लागले. शिपाई रजिस्टर घेऊन वर्गाच्या दारात उभा राहायचा. पोरं बघायची.

मग मी तेच केलं जे आमच्याकडची प्रत्येक बाई करते. पाणी बंद केलं. सकाळी घरून निघताना एक घोट, पाच वाजता घरी आल्यावर तांब्या. वाटलं, प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही. जावं लागायचंच. फक्त लघवी चहासारखी व्हायची आणि आग दुप्पट. शहाण्या मुलीची अक्कल ही. पत्रकं लिहिणारीची.

ऑगस्टमध्ये धाराशिवला तिसऱ्यांदा गेले. डॉक्टर आले होते, पण नंबर लागेपर्यंत त्यांना आत ऑपरेशनला जावं लागलं. लहान डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी तुमचा नंबर पहिला लावते. तोवर तीन दिवस लिहून ठेवा, किती वाजता गेलात, पाणी किती प्यालात. साहेब पहिल्यांदा तेच मागतात.

"वेळा माझ्याकडं दोन महिन्यांच्या आहेत," मी म्हणाले.

"दोन महिने? एवढं कुणी लिहीत नाही."

"नोकरीवर लिहावं लागतं."

त्यांनी माझ्या केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "फोटो काढून आणा."

मी रजिस्टरचे फोटो काढले. दुपारी, कार्यालयात, सगळ्यांसमोर. चोरून नाही. क्लार्कनं विचारलं, कशाला, मी सांगितलं, डॉक्टरला दाखवायला. संध्याकाळपर्यंत तात्यांना कळलं. त्यासाठी शनिवारची ती मीटिंग. आरोप असा, शाळेचं दफ्तर बाहेर नेते. आपल्या शाळेची बदनामी करते. वाचून झाल्यावर तात्या म्हणाले, "सोमवारी अण्णाला घेऊन ये. माफीनामा लिहून दे, आन दोन म्हैने घरी बस. बरी झालीस की बघू. भावकीतली हाईस म्हणून बोलतोय, दुसरी असती तर आजच काढली असती."

हे खरं आहे. आम्ही एकाच भावकीतले. तात्या माझे लांबचे चुलते लागतात. त्यांचं बागायत, आमचं तीन एकर माळ. लग्नात त्यांची पंगत आधी, आमची नंतर, पण आडनाव एक. चार वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या पाया पडले आणि मी विनाअनुदानित तुकडीवर लागले. प्रस्ताव गेलाय, अनुदान येईल, एवढंच तेव्हापासून ऐकतेय. आपल्याच माणसानं दिलेली भाकरी गिळताना घास अडकला तरी खोकायचं नसतं.

मीटिंग संपली आणि मी मुलींच्या जागेकडं पळाले. मुली घरी गेल्या होत्या. दार धरायला कुणी नव्हतं. एका हातानं दार ओढून धरलं आणि तशीच बसले. तिथं मला शीतल आठवली.

ती मागच्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात होती. वर्गशिक्षिका मी. तासाला कुणी बाहेर जायचं नाही, हा नियम मीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. वर्ग शिस्तीत ठेवते म्हणून माझं नाव होतं. शीतलनं तीनदा हात वर केला. मी तीनदा म्हणाले, बस खाली. मधल्या सुट्टीत काय करत होतीस? मग बाकाखालून ओघळ पुढं आला आणि पोरं ओरडली. मी तिला उभी केली. वर्गासमोर. म्हणाले, उद्या आईला घेऊन ये.

आई आली, खुरपणीवरून, हाताला माती. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "बाई, चुकलं पोरीचं." आणि मी म्हणाले, "ठीक आहे. पुढं लक्ष ठेवा."

मी असं म्हणाले.

तात्यांनी रजिस्टर वाचलं, ते माझ्या मनाला लागलं. पण दार धरून बसल्यावर कळलं की हे रजिस्टर ह्या शाळेत आधीपासून होतं. माझ्या हातात खडू होता तेव्हा ते मी चालवत होते.

सोमवारी अण्णा आले. धुतलेला सदरा, टोपी हातात. तात्यांच्या खुर्चीसमोर दोन खुर्च्या होत्या, अण्णा बसले नाहीत. बाई बाजूला बसून फोन बघत होत्या. टेबलावर रजिस्टर आणि टाइप केलेला कागद. मी कार्यालयीन दस्तऐवजाचे फोटो काढले, ही माझी चूक आहे, आणि प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने. पुढचं वाचलं नाही.

"सही कर," तात्या म्हणाले. "तुझ्याच चांगल्यासाठी हाय. पोरीच्या जातीनं आपला रोग चव्हाट्यावर मांडू न्हये."

अण्णांनी हात जोडले. "तात्या, चुकलं पोरीचं."

अगदी तेच शब्द. त्याच आवाजात. शीतलची आई ते कुठं शिकली आणि अण्णा कुठं शिकले, कुणास ठाऊक. आमच्याकडं ते बहुतेक पाळण्यातच कानात सांगतात.

"चुकलं नाही," मी म्हणाले.

"काय?"

"माझं काही चुकलं नाही. मला रोग झालाय. त्याचं नाव अजून कळलं नाही. शीतलचंही चुकलं नव्हतं."

"कोण शीतल?" तात्यांनी सूनबाईंकडं बघितलं. बाईंना माहीत होतं. त्यांनी फोनमधून डोकं वर काढलं नाही.

"बाई, सही कर न्हवं," अण्णा म्हणाले. मला ते बाईच म्हणतात, लहानपणापासून. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवला. मला अण्णांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मी माफीनामा बाजूला सारला आणि रजिस्टर ओढलं. नाव लिहिलं. वेळ लिहिली, अकरा वीस. कारणात लिहिलं, 'लघवीत रक्त येते. निदान होईपर्यंत डॉक्टरकडे जाणार.' अक्षरं रकान्यात मावली नाहीत, पुढच्या रकान्यात गेली. येण्याची वेळ लिहिली नाही. सही केली आणि पेन टेबलावर ठेवला.

"परत ह्या दारात येशील तवा बघतो," तात्या म्हणाले.

"रजिस्टरला नोंद आहे," मी म्हणाले आणि निघाले.

इथं कुणी टाळी वाजवेल, म्हणून लगेच पुढचं सांगते. पत्रकात इथंच थांबायची सवय असते. मूठ वर, घोषणा, खाली संघटनेचं नाव. खऱ्यात पुढं अण्णांच्या मोटारसायकलवर बसून घरी जायचं असतं. मध्ये मला थांबा म्हणावं लागलं. ओढ्यावरच्या मोरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, कुणी येतंय का बघत. मी वर आले तेव्हा म्हणाले, "धाकटीचं जमत आलं हुतं. आता त्यो पाव्हणा इचारनार, थोरलीला काय झालंय. काय सांगू?"

"रक्त येतं म्हणा."

त्यांनी गाडीला किक मारली. त्यानंतर आजपर्यंत ते माझ्याशी गरजेपुरतं बोलतात.

संध्याकाळी मला शाळेच्या ग्रुपवरून काढलं. माझे तास गणिताच्या सरांना दिले. शाळेतल्या दुसऱ्या बाई बाजारात दिसल्या तर त्यांनी भाजीकडं बघितलं. आई म्हणते, लोक म्हणत्यात हिला बाहेरचं काहीतरी झालंय. 'बाहेरचं' म्हणजे काय ते आई सांगत नाही आणि मी विचारत नाही.

शीतलच्या घरीही गेले. माफी मागायला. तिची आई चुलीपुढून घाबरून उठली. "काय झालं बाई? परत केलं का पोरीनं?"

"नाही. माझं चुकलं होतं, तेवढं सांगायला आले."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी मला चहा करून दिला आणि अभिमानानं सांगितलं, "आता काळजी करू नगा. शाळंच्या दिवशी ती पाणीच पीत न्हाय. म्याच सांगून ठिवलंय. बाटली जशी नेती तशी आणती."

आतल्या दारात शीतल उभी होती. माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. मी माफी मागितली असं मी म्हणते. तिनं दिली असं मी म्हणू शकत नाही.

काल गुरुवार होता. दुसरा. पहिल्या एसटीनं गेले. लहान डॉक्टरबाईंची बदली झाली होती, माझा पहिला नंबर त्यांच्याबरोबर गेला. तरी आठवा मिळाला. साडेअकराला खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब आज येणार न्हाईत. पुढच्या म्हैन्यात या."

"का येणार नाहीत?"

"ते आमाला सांगत नसत्यात."

बाकावर आम्ही बारा-तेरा जण होतो. भूमकडची एक म्हातारी, तिला नळी लावलेली, पिशवी पदराखाली धरून बसलेली. लोक उठायला लागले. मुकाट्यानं. एसटी कधी आहे ते एकमेकांना विचारत. मी खिडकीपाशी गेले.

"लेखी द्या."

"काय लेखी?"

"आज डॉक्टर आले नाहीत आणि तपासणी झाली नाही, एवढं लिहून शिक्का मारून द्या."

"असलं कुणी लिहून देतं का ताई?"

माझ्या मागून म्हातारी म्हणाली, "मला बी द्या."

"मावशे, तुला कशाला?"

"पोरगा म्हंतो, म्हातारी दवाखान्याच्या नावानं गावं हिंडती. त्येला दावीन की."

तो हसला आणि खिडकी लावून घेतली. मी वहीचं पान फाडून स्वतःच लिहिलं. आज डॉक्टर आले नाहीत. खाली सह्या घेतल्या. चौघांनी केल्या, म्हातारीनं अंगठा दिला, बाकीचे निघून गेले. एक जण म्हणाला, नाव लिहिलं तर पुढच्या वेळी आत घेणार न्हाईत. त्याचंही बरोबर असेल. कागद खिडकीखालून आत सरकवला. आतून परत बाहेर आला. तीन वाजता म्हातारीची एसटी होती, तिला स्टँडवर सोडलं. तोवर खिडकीपाशी कुणी आलं नाही.

माझ्या पोटात काय आहे मला माहीत नाही. खडा असेल, क्षय असेल, गाठ असेल. दहा महिने झाले. उशीर झाला असेल तर तो झालेला आहे. मी बरी होईन असं मला वाटत नाही, नोकरी परत मिळेल असंही वाटत नाही, आणि घरात माझ्यामुळं जे मोडलंय ते सांधणार नाही. हे कुणी धीर द्यायला येऊ नये म्हणून लिहितेय.

पण पुढच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत मी घरी बसणार नाही. सोमवारपासून रोज जाणार. त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसणार. दिवसभर पाणी पिणार आणि लागेल तितक्या वेळा उठून जाणार, कुणाला विचारणार नाही. आल्यावर परत तिथंच बसणार. रोज एक कागद लिहिणार, आज डॉक्टर आले नाहीत, खाली माझी सही, आणि तो त्यांच्याच भिंतीला लावणार. फाडला तर दुसरा. शेजारी कुणी बसलं तर बसलं, नाही बसलं तर एकटी. डॉक्टर येतील, दुर्बीण घालतील आणि माझ्या तोंडावर रोगाचं नाव सांगतील. मरणाचं असलं तरी सांगतील. तोवर मला त्या बाकावरून उठवायचं असेल तर हाताला धरून उठवावं लागेल.

पहिली एसटी सव्वासहाला आहे.